कानाबरोबर मनाचीही तपासणी

ऐकू कमी यायला लागलेली माणसं सहसा तक्रार करत नाहीत. ती हळूहळू बोलणं कमी करतात. फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात देतात, लग्नाला गेली तरी जेवून लगेच निघतात, सोसायटीच्या मीटिंगला काहीतरी निमित्त काढून जात नाहीत. घरच्यांना वाटतं, वय झालं, स्वभाव बदलला. खरं तर ऐकण्याची धडपड करून तो माणूस थकलेला असतो आणि धडपडीबरोबर त्याने माणसांत बसणंही सोडलेलं असतं. कानाचा त्रास मनापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा याच वाटेने. ही वाट अडवता येते. त्यासाठी कानाचं मशीन लागतं, तशीच घरातल्या बोलण्याच्या सवयी बदलायची तयारीही लागते. चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांना ऐकू कमी यायला लागलं आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीड अब्जांहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येतं आणि त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे. भारतासाठी सरकारी कार्यक्रमात धरलेला अंदाज सुमारे ६.३ कोटींचा आहे. वय हे मोठं कारण, पण एकमेव नव्हे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांचे कान वयाआधीच थकतात. मधुमेह, वारंवार कान फुटणं, क्षयरोगावरची किंवा कर्करोगावरची काही औषधं यांचाही परिणाम होतो.

आवाज येतो, शब्द कळत नाही

घरातले बरेच गैरसमज एका गोष्टीतून निघतात: ऐकू कमी येणं म्हणजे सगळेच आवाज सारखे बारीक होणं, असं आपण धरून चालतो. वयानुसार येणाऱ्या श्रवणदोषात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर ऐकू येत राहतात. ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ हे आवाज गळतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. राहिलेल्या जागा मेंदू अंदाजाने भरतो, ओठांकडे बघतो. पण ओठ तरी किती सांगणार? ‘पाळ’, ‘बाळ’ आणि ‘माळ’ हे तिन्ही शब्द ओठांवर अगदी सारखे दिसतात.

यातून दोन आरोप घरोघरी होतात. पहिला, ‘मुलाचं ऐकतात, सुनेचं ऐकत नाहीत.’ मुलाचा आवाज खर्जातला असतो, सुनेचा आणि नातवंडांचा उंच पट्टीतला; उंच पट्टीच गेलेली असेल तर सुनेचंच बोलणं आधी निसटणार. दुसरा, ‘नको ते बरोबर ऐकू येतं.’ शांत खोली, समोर चेहरा आणि ओळखीचा विषय असेल, तर तोच माणूस नीट ऐकतो. पंखा, टीव्ही आणि पाठमोरं बोलणं एकत्र आलं की त्याचं ऐकणं कोलमडतं. हे सोंग नव्हे.

मोठ्याने ओरडूनही काम होत नाही. या प्रकारच्या श्रवणदोषात बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि जरा मोठा आवाज एकदम कानात खुपतो. म्हणून आधी ‘काय?’ आणि दुसऱ्या क्षणी ‘ओरडतोस कशाला?’ अशी दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून येतात आणि दोन्ही खरी असतात.

मनावर ओझं कसं साठतं

रविवारच्या जेवणाचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर मिक्सर, डोक्यावर पंखा, टीव्हीवर मॅच. नातू काहीतरी सांगतो, सगळे हसतात. आजी विचारते, “काय म्हणाला रे?” कुणीतरी म्हणतं, “काही नाही हो आई, सहज.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, तेच पुन्हा सांगायचा कंटाळा, इतकंच. पण आजीपुरता त्याचा अर्थ एवढाच उरतो, की या हसण्यात तिला जागा नाही. दिवसात पाच-सहा वेळा हे घडलं की ती विचारणं बंद करते. मग इतरांबरोबर उगाच हसते, ‘हो, हो’ म्हणते आणि लवकर आपल्या खोलीत जाते.

या एका दृश्यात मनावरचे बरेचसे ताण आहेत. पहिला थकवा: दिवसभर शब्द जुळवत बसलेल्या माणसाला संध्याकाळी डोकं जड होतं, चिडचिड होते. दुसरी लाज: ‘कानांत बोळे घातलेत का?’ हे वाक्य ऐकलेला माणूस पुन्हा विचारायला धजत नाही. तिसरा संशय: समोर हळू आवाजात बोलणं चाललं की आपल्याबद्दलच असेल असं वाटू लागतं. चौथी धास्ती: बँकेत, दवाखान्यात, रेल्वेच्या फलाटावर आपलं नाव किंवा घोषणा निसटेल याची. पाचवं दुःख, ज्याला बहुतेकदा कुणी दुःख म्हणतच नाही: भजन, रेडिओ, पक्ष्यांचे आवाज, नातवाचं बोबडं बोलणं हातातून गेल्याचं. कुणाला गाण्याची आवड असेल तर हा घाव आणखी खोल असतो.

कमी ऐकू येणाऱ्यांमध्ये नैराश्य, चिंता आणि एकाकीपणा यांचं प्रमाण अधिक आढळतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. स्मृतिभ्रंशाशीही त्याचा संबंध आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि बदलता येण्यासारख्या १४ कारणांची यादी दिली, तिच्यात श्रवणदोष आहे. याचा अर्थ ऐकू कमी आलं की स्मृती जाणारच, असा कुणी घेऊ नये. २०२३ मध्ये अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या चाचणीत सरसकट सगळ्यांना श्रवणयंत्राचा बौद्धिक फायदा दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र तीन वर्षांतली घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. घाबरून जाण्यासारखं यात काही नाही, पण तपासणी पुढे ढकलू नये इतकं नक्की आहे.

थकवा की नैराश्य?

लग्नघरातून आल्यावर थकून झोपणं हा थकवा. एक शांत दिवस मिळाला की तो जातो. पुढच्या गोष्टी दोन आठवडे जवळजवळ रोज दिसत असतील, तर मात्र मनाच्या डॉक्टरांची वेळ घ्या:

• मन उदास किंवा रिकामं वाटणं. आवडीच्या गोष्टींत रस न उरणं.
• झोप न लागणं, पहाटे लवकर जाग येणं किंवा सतत झोपून राहणं.
• भूक मरणं, वजन घटणं. कारण न सापडणारं अंगदुखणं.
• ‘मी घरात ओझं झालोय’, ‘आता माझा काय उपयोग’ असं वारंवार बोलणं.
• बाहेर पडायच्या कल्पनेनेच छातीत धडधडणं, हात थरथरणं.

ज्येष्ठांमधलं नैराश्य रडण्यातून क्वचित दिसतं. ते चिडचिडीतून, पोट-पाठ दुखण्यातून आणि गप्प राहण्यातून दिसतं. भजनी मंडळ सुटलं, सकाळचा कट्टा सुटला, फोनवर भाचीशी बोलणं थांबलं, या सुटलेल्या गोष्टी मोजा. मरणाचा विषय कुणी काढला, तर तो हसण्यावारी नेऊ नका. ‘जीव नकोसा वाटतो का? काही करावंसं वाटतं का?’ असं समोर बसून, स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ती कल्पना मनात पेरली जात नाही. उत्तर ‘हो’ असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणखी एक सावधगिरी. स्मरणशक्तीची तपासणी होते तेव्हा डॉक्टर प्रश्न तोंडी विचारतात. प्रश्नच नीट ऐकू आला नाही तर उत्तर चुकतं आणि स्मृतिभ्रंशाची शंका विनाकारण बळावते. म्हणून अशा तपासणीला मशीन लावून जा आणि ‘यांना कमी ऐकू येतं’ हे आत शिरतानाच सांगा.

तपासणी: कुठून सुरू करायची

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कधी कधी साठलेला मळ किंवा पडद्यामागचं पाणी एवढंच कारण असतं आणि ते उपचाराने जातं. त्यानंतर ऑडिओलॉजिस्ट ऑडिओग्राम काढतात: आवाजबंद खोलीत हेडफोन लावून, कोणत्या पट्टीचा किती मोठा आवाज ऐकू येतो याचा आलेख. त्याबरोबर शब्द ओळखण्याची चाचणीही करून मागा. रोजच्या बोलण्यात किती अडचण येणार, हे तीच सांगते. आलेखाची प्रत फाइलला लावून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला लागते.

एका बाबतीत अजिबात थांबू नका. एका कानाचं ऐकू येणं एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत एकदम कमी झालं, तर ती तातडीची बाब आहे. ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणून आठवडा घालवू नका. यात स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त आणि पहिले दोन आठवडे मोलाचे असतात.

तपासणीची सोय जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात असते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ पासून ती याच क्षेत्रात काम करते.

मशीन घेताना आणि घेतल्यावर

चष्मा डोळ्यांवर चढवला की अक्षर लगेच स्पष्ट होतं. कानाच्या मशीनचं तसं नसतं. जे आवाज मेंदूने वर्षानुवर्षं ऐकलेच नाहीत, ते एकदम परत येतात. पहिल्या दिवशी फोडणीचा चर्र आवाज अंगावर येतो, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी खरखर होते, स्वतःच चिवडा खाताना डोक्यात कुरकुर चालू आहे असं वाटतं. बरेच जण इथेच कंटाळतात आणि मशीन कपाटाच्या खणात जातं. मेंदूला जुळवून घ्यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, हे आधीच ठाऊक असेल तर माणूस टिकून राहतो.

पहिल्या आठवड्यात घरात, शांत वेळी दोन-तीन तास लावा. एकाच माणसाशी बोला. मग टीव्ही, मग चौघांचं जेवण, मग बाजार असं वाढवत जा. कोणता आवाज खुपला, कुठे शब्द कळला नाही, ते वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत ऑडिओलॉजिस्टला दाखवा. मशीनचं सेटिंग त्यावरूनच सुधारतं. विकत घेण्यापूर्वी काही दिवस वापरून बघायला मिळेल का, नंतरच्या भेटींचे पैसे वेगळे लागतात का, दुरुस्ती कुठे होते, हे विचारून घ्या.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत, रात्री मशीन ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवा. बॅटरी बदलायची असेल तर नव्या बॅटरीवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती बसवा. मशीन अडलं की माणूसही अडतो, म्हणून सुटी बॅटरी खिशात हवीच.

खर्च परवडत नसेल तर केंद्र सरकारची ‘अॅडिप’ योजना आहे. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ज्येष्ठांसाठी २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ जाहीर झाली. तिच्यात श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. सध्याचे नियम समाजकल्याण कार्यालयात विचारा.

घरच्यांनी पाळायच्या गोष्टी

मशीन कितीही चांगलं असलं तरी पाठमोऱ्या माणसाचे शब्द ते पुरते आणून देऊ शकत नाही. म्हणून घरात हे ठरवून टाका:

• आधी लक्ष, मग वाक्य. नाव घ्या किंवा खांद्याला हलका स्पर्श करा. मान वळली की बोला.
• दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलायचं नाही. उठून जवळ जायचं.
• बोलताना उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, खिडकी पाठीमागे नको. तोंडावर हात नको, तोंडात घास नको.
• सावकाश बोला, ओरडू नका.
• वाक्य दोनदा सांगून कळलं नाही तर तिसऱ्यांदा तेच न म्हणता शब्द बदला. ‘सतीश आलाय’ कळत नसेल, तर ‘तुमचा भाऊ आलाय, पुण्याहून’.
• विषय बदलला की सांगा: ‘आता लग्नाच्या खरेदीचं चाललंय.’
• वेळ, तारीख, रक्कम, औषधाचा डोस लिहून द्या.
• जेवताना टीव्ही बंद. एका वेळी एकानेच बोलायचं.
• ‘काही नाही’, ‘जाऊ दे’, ‘नंतर सांगतो’ ही तीन उत्तरं घरातून हद्दपार करा. विनोद कितीही फुटकळ असला तरी पुन्हा सांगा.

आणि त्यांच्या वतीने परस्पर बोलू नका. दवाखान्यात डॉक्टर तुमच्याकडे बघून ‘यांना काय होतंय?’ विचारतात, तेव्हा ‘त्यांनाच विचारा, समोर बघून जरा सावकाश’ असं सांगा. माणसाचा मान राखला गेला की त्याचा धीर टिकतो.

ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांनी काय करावं

लपवणं हे सगळ्यांत थकवणारं काम आहे. एक वाक्य पाठ करून ठेवा आणि दुकानात, बँकेत, नव्या ओळखीत सुरुवातीलाच म्हणा: “मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून जरा सावकाश बोलाल का?” पहिल्यांदा जीभ अडखळते. पुढे लक्षात येतं, की बहुतेक लोक नीट बोलायला तयार असतात, त्यांना फक्त कसं बोलायचं ते ठाऊक नसतं.

‘काय?’ ऐवजी नेमका प्रश्न विचारा: “साडेपाच म्हणालात की साडेसात?” तुम्हाला किती कळलं हे समोरच्याला समजतं आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. न कळता मान डोलावू नका. औषधाच्या डोसाला डोलावलेली मान महागात पडते.

जागा आधी निवडा. हॉटेलात भिंतीला पाठ करून, स्पीकरपासून लांब. सभेत पुढच्या रांगेत, चांगला कान वक्त्याकडे. आठ जणांत जमत नसेल तर दोघा-तिघांना घरी चहाला बोलवा; मैत्री टिकवायला गर्दी लागत नाही. अँड्रॉइड फोनवर ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ हे अॅप समोरच्याचं मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. चुका होतात, पण औषधाच्या दुकानात किंवा काउंटरवर उपयोग होतो. नातवंडांशी फोनऐवजी व्हिडिओ कॉल करा, ओठ दिसतात.

कानांना विश्रांती द्या. समारंभात तासाभराने दहा मिनिटं बाहेर येऊन बसणं हा पळपुटेपणा नाही. त्यामुळे पुढचा तास निभावतो. रोज चालणं, ठरलेल्या वेळी झोप आणि कानांवर अवलंबून नसलेला एखादा छंद, मग तो बाग असो, विणकाम असो, बुद्धिबळ असो, मनाला धरून ठेवतो.

काहींना ऐकू कमी येण्याबरोबर कानात सतत आवाज येतो: रातकिड्यांसारखा किंवा वाफ सुटल्यासारखा. रात्रीच्या शांततेत तो वाढतो आणि झोप उडवतो. पूर्ण शांततेऐवजी पंख्यासारखा हलका आवाज चालू ठेवा. मशीनने अनेकांना आराम पडतो. या आवाजामुळे होणारा मनस्ताप कमी करण्यासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणुकीवर काम करणारी उपचारपद्धती, सर्वांत भरवशाची ठरली आहे. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

समुपदेशकाकडे जाताना

वेळ घेतानाच सांगा: शांत खोली हवी, समोरासमोर बसायचं आहे, शक्यतो मास्क नको, महत्त्वाचं लिहून द्यावं. पहिल्या भेटीत निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही, तर त्या भेटीचा उपयोग नाही. तसं स्पष्ट म्हणा. घरच्या माणसाला बरोबर न्या, पण काही वेळ एकट्याने बोला. घरच्यांबद्दलची खंत घरच्यांसमोर निघत नाही.

‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. फोनवर ऐकणं कठीण जात असेल तर मशीनला जोडलेल्या ब्लूटूथवरून किंवा स्पीकरवर बोला, किंवा विश्वासातल्या माणसाला शेजारी बसवून त्याच्याकडून प्रश्न लिहून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे.

जन्मतः किंवा लहानपणापासून बहिरे असलेल्यांची गरज वेगळी आहे. त्यांच्यापैकी अनेकांची भाषा खुणांची आहे आणि मन त्याच भाषेत मोकळं होतं. अशा व्यक्तीला समुपदेशकाकडे नेताना प्रशिक्षित दुभाषा मागा. आईला किंवा लहान भावंडाला मध्ये बसवून मनातलं बोलता येत नाही. बहुतेक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, म्हणून आईवडिलांनी खुणांची भाषा शिकणं ही त्या मुलाच्या मनाची पहिली काळजी आहे. दिल्लीतली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण संस्था २०१५ पासून याच भाषेवर काम करते. तिचा शब्दकोश व्हिडिओच्या रूपात पाहता येतो.

नोकरी करणाऱ्यांसाठी

नोकरी जाईल या भीतीने लपवणारे खूप आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. याच कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणदोष असलेल्यांना ‘ऐकण्यास कमी’ आणि ७० च्या वर असलेल्यांना ‘बहिरे’ धरलं आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. खासगी नोकरीतही मागण्यासारख्या गोष्टी छोट्या असतात: मीटिंगचे मुद्दे आधी ईमेलवर, ऑनलाइन मीटिंगला कॅप्शन, खिडकी-दरवाज्याच्या आवाजापासून लांबची जागा.

ऑडिओग्राम वर्षातून एकदा करून घ्या. त्याच दिवशी घरी बसून आणखी एक हिशेब मांडा: गेल्या वर्षात माणसांत जाणं वाढलं की घटलं? स्वतःहून किती जणांशी बोलणं झालं? किती गोष्टी सुटल्या, किती पुन्हा सुरू झाल्या? उत्तर ‘घटलं’ असं आलं, तर आलेख चांगला आणि मशीन ठीक असलं तरी उपचार पुरे झालेले नाहीत, असं समजा. पुढची वेळ कानाच्या डॉक्टरांबरोबर मनाच्या डॉक्टरांचीही घ्या.